बागेत घाण वास येतोय? झाड उपटायच्या आधी हे करून बघा

हौसेने आणलेलं शोभेचं झाड फुलायला लागतं आणि घरात शोधाशोध सुरू होते, कोणी म्हणतं उंदीर मेलाय, कोणी म्हणतं गटार तुंबलंय, आणि शेवटी वास निघतो गॅलरीतल्या कुंडीतून. मग एक तर झाड थेट कचऱ्यात जातं, नाहीतर रूम फ्रेशनर मारून मारून दिवस काढले जातात. दोन्ही करायची गरज नसते. बहुतेक वासवाल्या झाडांची वेळ ठरलेली असते, कोणाची एक रात्र, कोणाचे चार दिवस, कोणाचा वर्षातला एखादा महिना, आणि ती वेळ माहिती झाली की तेवढ्यापुरती कुंडी हलवायची किंवा कळी काढायची, बाकी वर्षभर झाड आपल्या जागी मजेत. पण त्याआधी वास नक्की कुठून येतोय ते बघायला लागतं, आणि इथेच बरेच जण घाई करतात.

आधी वास कशाचा ते शोधा

नाकाला वासाची सवय लवकर होते, त्यामुळे बागेत अर्धा तास उभं राहून हुंगत बसलात तर काही कळणार नाही. दहा मिनिटं बाहेर चक्कर मारून या आणि मग थेट कुंड्यांपाशी जा, पहिल्या दोन-चार श्वासात जे कळतं तेच खरं. मग हे करा:

फुल किंवा कळी आली असेल तर त्यावर कागदी पिशवी घालून तोंड हलकंसं बांधा, अर्ध्या तासाने पिशवी काढून लांब नेऊन तिच्यात नाक घाला. वास फुलाचा असेल तर पिशवीत साठलेला असतो. दुसरं, एक बांबूची काडी (कबाबवाली चालते) कुंडीच्या कडेने तळापर्यंत घाला, पाच-दहा मिनिटं ठेवा, काढून टोक हुंगा. ओल्या मातीचा वास आला तर कुंडी निर्दोष, सडक्या अंड्याचा आला तर खाली पाणी साठून मुळं कुजतायत. तिसरं, एक पान दोन बोटांत चुरडून बघा. आणि चौथं म्हणजे वास कधी येतो ते दोन दिवस लक्षात ठेवा, फक्त संध्याकाळनंतर, का भर उन्हात, का पाणी घातल्यावर. पाणी घातलं की वास उठत असेल तर तो फुलाचा नसतो हे जवळजवळ नक्की समजा.

शहरी गॅलरीत निम्म्या वेळा वास झाडाचा नसतोच, कुंडीचा किंवा खताचा असतो, असं माझं निरीक्षण. म्हणून तो विषय आधी संपवू.

वास कुंडीचा असेल तर

खाली ताटली, ताटलीत पाणी, कुंडीचं भोक मुळांनी नाहीतर मातीने बंद, वरून रोज न चुकता पाणी. अशा कुंडीत तळाला हवा जात नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तोच तो सडक्या अंड्याचा वास. यावर वरून काहीही शिंपडून उपयोग नाही. झाड मातीच्या गड्ड्यासकट बाहेर काढा, काळी पडलेली आणि हाताला बुळबुळीत लागणारी मुळं धारदार कात्रीने कापून टाका, पांढरी किंवा फिकट कडक मुळं ठेवा. वास मारणारी माती पेपरवर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, वास जातो, फेकायची गरज नाही. भोक मोकळं करा, कॅक्टससारखी मांसल झाडं असतील तर मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटेचा चुरा घाला, बाकीच्यांना माती, कोकोपीट आणि कंपोस्ट साधारण सारखं सारखं. ताटली ठेवायचीच असेल तर मध्ये दोन फरशीचे तुकडे ठेवून कुंडी उचलून घ्या, आणि ताटलीतलं पाणी त्याच दिवशी ओता, नाहीतर डासांची वेगळी तक्रार सुरू होईल.

दुसरा गुन्हेगार खत. शेंगदाणा पेंड, मोहरी पेंड भिजवून ते पाणी घालणं झाडांना मानवतं यात वाद नाही, पण बादली तीन-चार दिवस आंबली की तिचा वास सगळ्या मजल्यावर फिरतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर भिजवूच नका. सुकी पेंड कुटून, बारा इंची कुंडीला एक-दोन चमचे, वरची दोन इंच माती बाजूला करून आत घाला आणि माती परत ओढून घ्या. बोनमीलचंही (हाडांचा चुरा) तसंच, वर टाकलं तर वास तर येतोच शिवाय मांजर आणि घुशी येऊन कुंडी उकरतात ते वेगळं. शेणखत विकत घेताना मुठीत दाबून बघा, चहापत्तीसारखं भुसभुशीत आणि बिनवासाचं असेल तर ते कुजलेलं, चिकट आणि उग्र असेल तर ते अजून कच्चं आहे, ते महिना-दोन महिने झाकून ठेवल्याशिवाय वापरू नका.

मेलेल्या उंदराचा वास: स्टारफिश कॅक्टस

आता खऱ्या वासवाल्यांकडे येऊ. नर्सरीत स्टारफिश कॅक्टस म्हणून मिळतो तो स्टॅपेलिया. नाव कॅक्टस असलं तरी हा कॅक्टस नव्हे, रुईच्या कुळातला आहे, मूळचा आफ्रिकेच्या दक्षिण भागातला, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाचा लांबचा भाऊबंद. चौकोनी, मऊ लव असलेल्या हिरव्या कांड्या, काटे नाहीत, पाणी कमी लागतं, म्हणून गच्चीवाल्यांचा लाडका. मोठ्या जातीचं एक फूल वीतभरापासून फूटभरापर्यंत होतं, पिवळसर, त्यावर तांबड्या बारीक आडव्या रेघा आणि कडेला केस. दिसायला अफलातून आणि वास सडक्या मांसाचा.

हे असं का, तर या फुलाला मधमाशी नकोच असते, त्याला माशी हवी असते. मांस कुजताना जी गंधकाची संयुगं निघतात (डायमिथाइल डायसल्फाइड, डायमिथाइल ट्रायसल्फाइड वगैरे) तीच फूल हवेत सोडतं, रंगही मांसाचा, केसही मेलेल्या जनावराचे वाटावे असे. माशा इतक्या फसतात की फुलाच्या मधोमध अंडी घालून जातात, नीट वाकून बघितलं तर पांढरे बारीक पुंजके दिसतात. पुढे अळ्या बाहेर येतात आणि खायला मांस नसल्यामुळे मरतात. त्या अळ्या बघून लोक घाबरून झाडावर कीटकनाशक मारतात. मारू नका, त्या झाड खात नाहीत, फूल काढलं की विषय संपला.

याला हाताळायचं कसं? कळी महत्त्वाची. ती कांडीच्या बुडाशी येते आणि पाच कोनांची, हवा भरलेल्या फुग्यासारखी फुगत जाते. पाच शिवणी ताणून उठून दिसायला लागल्या की एक-दोन दिवसांत उघडणार असं धरा. आता तुमच्यापुढे दोन रस्ते. फूल बघायचं असेल तर त्याच दिवशी कुंडी गच्चीवर किंवा कंपाउंडच्या टोकाला न्या, खिडकीपासून निदान पंधरा-वीस फूट तरी, आणि फूल कोमेजेपर्यंत म्हणजे काही दिवस तिथेच राहू द्या. बघायचं नसेल तर कळीचा देठ कांडीपासून कात्रीने कापा, हाताने ओढू नका कारण मऊ कांडीला जखम झाली की पावसाळ्यात तिथून कूज आत शिरते. कळ्या काढल्याने झाडाचं काही बिघडत नाही. आपल्याकडे हा साधारण पावसाच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत फुलतो, तेव्हा कळी दिसली की कुंडी हलवायची एवढं डोक्यात ठेवलं की वर्ष सुटतं. बारा महिने खिडकीतून हद्दपार करायचं कारण नाही.

सुरणाचं फूल

दरवर्षी मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस पडला की कोणीतरी सुरणाच्या फुलाचा फोटो 'दुर्मिळ फूल' म्हणून फिरवतं. दुर्मिळ वगैरे काही नाही, आपण एरवी कंद काढून खातो म्हणून फूल दिसत नाही एवढंच. बागेच्या कोपऱ्यात कंद काही वर्षं तसाच राहिला, चांगला मोठा झाला, की एका उन्हाळ्याच्या शेवटी पान यायच्या आधी जमिनीतून जांभळा हिरवा कोंब वर येतो आणि उघडतो, मध्ये सुरकुतलेला जांभळा गोळा, भोवती झालर. आणि त्या संध्याकाळी जो वास सुटतो तो आख्ख्या आळीला कळतो.

मजेची गोष्ट अशी की हा वास मुख्यतः पहिल्या रात्रीचा. आतली मादी फुलं आधी तयार होतात, त्यांना परागकण घेऊन येणारे भुंगे हवे असतात, म्हणून तो मधला गोळा रात्री चक्क गरम होतो आणि वास लांबवर फेकतो. नर फुलांचे पराग नंतर सुटतात आणि तोवर वास बराच उतरलेला असतो. सुमात्रातला तो घाणेरड्या वासाचा प्रचंड फुलोरा, टायटन अरम, तो याच सुरणाच्या कुळातला आणि त्याचाही जोर असाच एक-दीड दिवसाचा.

म्हणजे सुरणाला एक रात्र काढायची असते. फूल जमिनीत असल्यामुळे हलवता येत नाही, मग ते उघडलं त्या संध्याकाळी जुना टब किंवा मोठी बादली पालथी घालायची, वर वीट ठेवायची, कडेने माती ओढून घ्यायची. वास पूर्ण नाही पण बराचसा आत राहतो, सकाळी काढून फोटो काढा. अजिबातच नको असेल तर कोंब बंद असतानाच जमिनीलगत कापा. पण कापताना ग्लोव्ह्ज घाला, निदान हाताला खोबरेल तेल चोपडा, सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि खाज सुटली की दिवस वाया. आणि कायमचा बंदोबस्त हवा असेल तर दरवर्षी पान पिवळं पडून आडवं झालं की कंद खणून काढायचा, छोटा तुकडा परत लावायचा. छोट्या कंदाला फूल येत नाही.

कोकणात आणि ठाणे-पालघरकडे पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं येतात तीही याच घराण्यातली, त्यांची न उमललेली फुलंच आपण काकडं (काकड झाडाची आंबट फळं) घालून रांधतो, खाज मरायला. तेव्हा बागेत शेवळ उगवलं तर वास यायची वाट कशाला बघायची, आधीच खुडून कढईत. फक्त ओळखीच्या, नेहमी निवडणाऱ्या माणसाला दाखवूनच.

वास पानांचा असेल तर

लसूणवेल, घाणेरी, झेंडू, ही मंडळी हात लावल्याशिवाय फारशी वास मारत नाहीत. लसूणवेलीला जांभळ्या फुलांचे घोस येतात, मग ती फिकट होत पांढरट होतात, दिसते सुंदर, आणि पान चुरडलं की सरळ फोडणीचा वास. तिला येण्याजाण्याच्या वाटेवर, गेटच्या कमानीवर किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी लावू नका, मागच्या भिंतीवर चढवा, प्रश्न मिटला. छाटणी करायची तेव्हा सुट्टीच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी करू नका एवढंच, कारण छाटलेल्या दिवशी तिचा वास दिवसभर रेंगाळतो.

घाणेरी म्हणजे टणटणी, तिच्या नावातच सगळं आलं. नर्सरीत रंगीत बुटक्या जाती लँटाना म्हणून मिळतात, फुलपाखरं भरपूर येतात. पण ही मूळची अमेरिकेची, आपल्या जंगलांत माजलेली, पक्षी फळं खाऊन बिया लांब टाकतात आणि गुरांनी खाल्ली तर विषबाधा होते. ठेवायची तर फुलं सुकली की फळं धरायच्या आधी छाटत राहा, आणि छाटण टेकडीवर किंवा ओढ्याकडेला नेऊन टाकू नका.

झेंडूबद्दल तक्रार असते ती बहुतेक वेळा फुलदाणीतल्या पाण्याची असते. पाण्यात बुडणारी पानं काढा, पाणी रोज बदला.

जास्त गोड वास हाही त्रासच

रातराणीला घाण म्हटलं तर लोक अंगावर येतील, पण बेडरूमच्या खिडकीखाली रातराणी असली की काहींचं डोकं रात्रभर ठणकतं आणि दम्याच्या माणसाला तर खोकला सुटतो. ती वर्षात चार-पाच वेळा लाटेने फुलते, नव्या फुटींच्या टोकाला. कळ्यांचे झुपके दिसायला लागले की खिडकीच्या बाजूच्या फांद्यांचे शेंडे खुडा, पलीकडच्या बाजूचे राहू द्या. बहर संपला की एक-तृतीयांश छाटा. लहान मुलं असतील तर तिची पांढरी फळं तोंडात जाणार नाहीत हे बघा, झाड विषारी आहे.

फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवलेल्या ड्रॅसिनाला कधीतरी अचानक लांब दांडा येतो, रात्री फुलतो आणि इतका गोड वास की जेवण जात नाही, शिवाय खाली फरशीवर चिकट थेंब. तो दांडा सरळ कापा, झाडाला काही होत नाही.

सप्तपर्णीचं मात्र अवघड आहे. रस्त्याकडेला, सोसायट्यांमध्ये सदाहरित आणि लवकर वाढतं म्हणून ती भरपूर लावली, आता ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळ झाली की तो उग्र वास घरात. कोणाला तो आवडतो, कोणाला मळमळतं. झाड तोडायचं मनात आणू नका, महाराष्ट्रात शहरी भागात 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, ते तुमच्या स्वतःच्या कंपाउंडमध्ये असलं तरी. फांद्यांसाठीसुद्धा उद्यान विभागाकडे अर्ज करा. फुलं फांद्यांच्या टोकांना येतात, म्हणून अर्ज उन्हाळ्यातच टाका, बहर आल्यावर नाही. तोपर्यंत त्या दिवसांत सूर्यास्ताच्या सुमारास त्या बाजूच्या खिडक्या बंद, विरुद्ध बाजूच्या उघड्या, आणि एक्झॉस्ट फॅन बंद ठेवा कारण तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि फटींतून बाहेरची आत ओढतो. नवीन लावणार असाल तर बंगल्यासाठी ताम्हण लावा, आपल्या राज्याचं फूल, वासाची कटकट नाही.

जंगली बदाम आणि कैलासपती घराच्या बागेत लावूच नयेत या मताचा मी आहे. जंगली बदाम मार्चच्या सुमारास फुलतो आणि त्याच्या स्टर्क्युलिया या शास्त्रीय नावातच रोमन लोकांचा शेणखताचा देव बसलाय. कैलासपतीची फुलं सुगंधी, पण तोफगोळ्याएवढी फळं वर्षभराहून जास्त झाडावर लटकतात आणि खाली पडून फुटली की आतला गर भयंकर वास मारतो, डोक्यात पडलं तर काय ते सांगायला नको.

जागा ठरवताना वारा बघा

संध्याकाळी सातच्या सुमारास आणि पुन्हा सकाळी, कुंडी ठेवायच्या जागी एक अगरबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा. खिडकीकडे गेला तर ती जागा बाद. तुमच्याच नव्हे, शेजाऱ्यांच्या खिडकीकडे गेला तरी बाद, सोसायटीच्या मीटिंगमधली अर्धी भांडणं इथून सुरू होतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येकडून आणि हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून असतो, म्हणून जुलैत चाललेली जागा डिसेंबरात चालेलच असं नाही. इमारतीच्या डक्टमध्ये किंवा तिन्ही बाजूंनी भिंती असलेल्या कोपऱ्यात वासाचं झाड कधीच नको, तिथे हवा तुंबून राहते. जड कुंड्या चाकाच्या स्टँडवर ठेवा, पाठ धरून बसायची वेळ येत नाही.

आणि हे करू नका: मातीत फिनेल, डांबराच्या गोळ्या किंवा खायचा सोडा. पहिल्या दोन्हींनी झाड आणि गांडुळं जातात, सोड्यातलं सोडियम मातीत साठून मुळांना जाच करतं. फुलावर अत्तर किंवा फ्रेशनर मारलं तर सडक्या मांसात मोगरा मिसळतो आणि तो वास मूळच्याहून वाईट लागतो. वास झाकायला शेजारी रातराणी लावायचा सल्ला कोणी दिला तर तोही त्यातलाच.

कापलेली वासाची फुलं पेपरात गुंडाळून त्याच दिवशी ओल्या कचऱ्यात द्या, किंवा कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकून वर चार-पाच इंच सुका पालापाचोळा घाला. उघडी टाकलीत तर माशा तिथे येतील.

तरीही नकोच असेल तर

फेकू नका, स्टॅपेलियाचे शौकीन भरपूर आहेत, अदलाबदलीच्या ग्रुपवर टाकलंत तर त्याच दिवशी माणूस दारात येतो. कांडी सांध्यापाशी कापून चार-पाच दिवस सावलीत जखम सुकू द्या, मग वाळूमिश्रित मातीत टेकवून ठेवली तरी मुळं धरते, पहिला आठवडा पाणी नको. देताना चिठ्ठीवर फुलायची वेळ आणि वास स्पष्ट लिहा. विकत घेतानाही हाच नियम, पान चुरडून बघायचं आणि फुलाचा वास कसा आणि कधी ते नर्सरीवाल्याला विचारायचं, तो हसून विषय बदलला की समजून जा. सुरण मात्र कोणाला द्यायच्या भानगडीत पडू नका, साल काढून, चिंच किंवा आमसूल टाकून उकडा आणि रवा लावून काप परता.